खाडीला सांगितलेलं

"सगळं?" असं ऐश्वर्यानं विचारलं, आणि साईनाथ "सगळं" म्हणाला. झालं ते एवढंच. तलावपाळीसमोरच्या त्या कॉफीच्या दुकानात कुणाच्या हातून कप निसटला नाही, बाहेर तलावात पायानं मारायच्या होड्या गोल गोल फिरत होत्या त्या तशाच फिरत राहिल्या, आणि ऐश्वर्या समाधानानं मान डोलावून पुढचं बोलू लागली. पण साईनाथच्या कानात त्याचा स्वतःचाच तो शब्द अडकून बसला. माशाचा काटा घशात अडकला की माणूस भाताचा गोळा गिळतो, केळं खातो, पाणी पितो, आणि काटा गेला असं चारचौघांना सांगतो. तसा तो हसला, 'वा, छान' म्हणाला, करारातल्या अटींबद्दल दोन प्रश्नही विचारले. त्या प्रश्नांची उत्तरं मात्र त्याला एका अक्षरानं ऐकू आली नाहीत. ती बोलत होती, आणि तो मनात म्हणत होता, सगळं नाही गं. एक प्रकरण सोडून सगळं. आणि ते एक म्हणजे नेमकं सातवं.

मराठी माणसाला एजंट म्हटलं की विम्याचा आठवतो, नाहीतर भाड्याच्या जागा दाखवत चार जिने चढवणारा. पुस्तकालाही एजंट असतो, हे साईनाथला वयाची पंचेचाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याकडची रीत साधी. लेखकानं बाड काखोटीला मारावं, प्रकाशकाचा जिना चढावा, 'ठेवून जा, बघतो' हे ऐकून खाली उतरावं, आणि मग वर्षभर फोन करताना आपलाच आवाज आपल्याला लाचार वाटू लागला की गप्प बसावं. साईनाथनं ते दोनदा करून पाहिलं. एकानं कादंबरी हरवली आणि दुसऱ्यानं, जे अधिक लागलं, ती न वाचता परत दिली. सुतळीची गाठ त्याचीच होती, ती त्यानं लगेच ओळखली. वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कंपनीत बाटल्यांवरच्या बारीक अक्षरातल्या सूचना तपासण्यात त्याचा जन्म गेलेला. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. असल्या माणसानं कादंबरी लिहावी हेच मुळात कुणाला खरं वाटत नव्हतं. शेवटी प्रीतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कुठून तरी नेटवर शोधून काढलं की एजंट असतात, ते लेखकाच्या वतीनं बोलतात, आणि लेखकानं जिने चढायचे नसतात. मग वर्षभर साईनाथनं दिल्लीला आणि बंगलोरला मेल केले. सोबत पहिली तीन प्रकरणं आणि एका पानात गोष्टीचं सार. त्या एका पानानं त्याचा जीव काढला. शेजारच्या मंजुळामावशीचं आख्खं आयुष्य एका पानात इंग्रजीत बसवायचं, आणि वाचणाऱ्याला पुढं काय झालं असेल असंही वाटायला हवं! बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी गोड शब्दांत कळवलं की मराठी त्यांच्याकडे घेत नाहीत. आणि मग ही ऐश्वर्या, नौपाड्यात वाढलेली, तिशीतली, मराठीत वाचणारी, मराठी पुस्तकं बाहेरच्या भाषांत नेण्यासाठी धडपडणारी पोरगी. तिनं पूर्ण हस्तलिखित मागवलं, चार दिवसांत वाचलं, आणि आज बोलावून म्हणाली, "सर, सातवं प्रकरण. बाकी सगळं तिथं पोचायचा रस्ता आहे. मी तर म्हणते पुस्तक तिथूनच सुरू करू या."

आणि मग, अगदी सहज, पेनाचं टोपण लावता लावता, "ही बाई खरी आहे ना? म्हणजे कुणावरून तरी?"

"हो. आमच्या शेजारच्या. मीच लहानपणी त्यांच्याकडे असायचो."

"हयात आहेत?"

"आहेत की."

"मग सर, त्यांना हे माहीत हवं हं. नंतर घरच्यांनी उठून काही म्हटलं तर प्रकाशक हात वर करतात. त्यांनी वाचलंय?"

"त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलंय."

"सगळं?"

"सगळं."

"बेस्ट. मग तेवढं दोन ओळींत मला मेल करा सोमवारपर्यंत. त्यांनी पूर्ण ऐकलंय आणि त्यांची हरकत नाही, एवढंच. म्हणजे मी बोलायला मोकळी."

स्कूटर काढून तो कळव्याकडं निघाला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. कोपरला घरी जायला खाडीवरच्या नव्या पुलाचा रस्ता जवळचा, पण त्यानं मुद्दाम मुंब्र्यावरून शीळफाट्याचा लांबचा धरला, आणि वर स्वतःला सांगितलं की पुलावर आज गर्दी असणार. जणू शीळफाट्यावर कुणी त्याच्यासाठी पायघड्या घालून ठेवल्या होत्या. फाट्याला कंटेनरांची रांग लागलेली, सगळं जागच्या जागी थबकलेलं. डिझेलचा धूर नाकात, पायाखाली स्कूटर थरथरतेय, आणि अडकलेल्या माणसाला विचार करण्यावाचून दुसरा उद्योग नाही. त्याला आठवत राहिल्या गेल्या हिवाळ्यातल्या दुपारी. दर रविवारी जेवण झालं की तो कागद घेऊन कोपर गावातल्या मंजुळामावशीच्या ओट्यावर जायचा. गावाच्या कडेला साईनाथची इमारत उभी राहिली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. आई-वडील दोघं राजापूरकडची, दोघं नोकरीला, आणि पोराला सांभाळायला कुणी नाही. मासे विकायला आलेल्या मंजुळानं आईला म्हटलं होतं, "तुज्या पोराला आमचेकडं टाक, एका दौलतीचे दोन झाले." दौलत तिचा मुलगा, साईनाथच्याच वयाचा. तेव्हापासून त्या ओट्यावर साईनाथचं दुपारचं जेवण, भांडणं, तापातली झोप, सगळं. त्याच ओट्यावर बसून तो आता तिला तिचंच आयुष्य वाचून दाखवत होता. ती जवळा निवडत ऐकायची. बिळातला खेकडा, म्हणजे चिंबोरी, पकडायचं वर्णन आलं की म्हणायची, "आसा हात घातलास तं बोट जाईल तुजा," आणि तो तिथल्या तिथं पेन्सिलीनं दुरुस्त करायचा. दौलतच्या हळदीचं प्रकरण ऐकताना तर ती नाचाचे हात करून हसली होती. मग एका रविवारी सहावं संपलं. पुढचं पान सातव्याचं. आत नंदा, दौलतची बायको, भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. साईनाथनं पानं उलटली, एकदम पुष्कळशी उलटली, घसा खाकरला आणि आठवं सुरू केलं.

तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं होतं की पुढच्या रविवारी, नंदा घरात नसताना, ते वाचू. पुढच्या रविवारी नंदा घरात नव्हती. त्यानं नववं वाचलं.

काय होतं त्या सातव्यात? गावाला जे माहीत होतं त्याच्या उलट, इतकंच. गावाला माहीत होतं की दौलत बायकोशी भांडून खाडीवर गेला आणि उधाणात बुडाला. भांडण खरंच झालं होतं. नंदाला माहेरी चुलत बहिणीच्या हळदीला जायचं होतं आणि दौलत नको म्हणत होता. दोघांचे आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेले होते. दुपारी दौलत गेला तो गेलाच, आणि संध्याकाळपर्यंत गावानं निकाल लावून टाकला. बायकोनं भांडून घराबाहेर काढलान. नंदा तेव्हा तिशीचीही नव्हती, पदराला सहा वर्षांचा दर्शन. तिला कुणी मारलं नाही की हाकललं नाही. फक्त बायका पाण्यावर गेल्या तर तिच्यासाठी थांबेनाशा झाल्या, दौलतच्या चुलत्यानं पंक्तीत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि नारळी पौर्णिमेला गाव वाजतगाजत खाडीवर निघालं की तिनं आपणहून दार लोटून घ्यायचं, असं न सांगता ठरून गेलं. सगळ्यांत वाईट म्हणजे नंदालाही ते पटलं. ती पुन्हा कधी माहेरच्या हळदीला गेली नाही आणि पुन्हा कधी मोठ्यानं बोलली नाही. सासूला चहा हवा का, हेही ती जवळ येऊन, वाकून, हळू विचारायची. गाव म्हणायचं, सुधारली.

खरं ते असं होतं की भांडण संपलं होतं. दौलत अंगात कणकण होती म्हणून पांघरूण घेऊन पडला होता. जाळं मात्र खाडीत लावलेलं, आणि भरती मोठी येणार होती. मंजुळा त्याला म्हणाली, जाळं काढून आण. तो म्हणाला, आये, चक्कर येतेय. आणि मंजुळा म्हणाली, "जा मंग, निज बायकोच्या पदराखाली." पोरगा ताडकन उठला, आईकडं न बघता गेला. हे ऐकायला घरात तिसरं कुणी नव्हतं. नंदा मागं कपडे धूत होती. मंजुळानं हे साईनाथला सांगितलं ते दर्शनची दहावी झाली तेव्हा. साईनाथ पेन घेऊन गेला होता कौतुकाला, घरात पेढ्यांचा खोका फिरत होता, आणि मावशी मागच्या बाजूला सुक्या मासळीच्या टोपल्यांपाशी एकटीच बसली होती. बाप असता तर नाचला असता, असं काहीतरी तो बोलून गेला. त्यावर तिनं ते सगळं सांगितलं, रडत नव्हे, हिशेबाचं बोलावं तसं कोरडं. कुणाला सांगू नकोस, असं काही ती म्हणाली नाही. हा 'म्हणाली नाही' साईनाथनं पुढं किती वेळा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला! वकील तरी अशिलासाठी एवढा झटत नसेल. पण एक गोष्ट त्याला कुठल्याच बाजूनं सजवता आली नव्हती. त्या संध्याकाळी घरी येताना, आपल्या इमारतीचा जिना चढताना, त्यानं ते वाक्य दोनदा पुटपुटलं होतं. निज बायकोच्या पदराखाली. विसरू नये म्हणून. मावशीचं दुःख कानात पडून अर्धा तास झाला नव्हता, आणि हा बेटा शब्दांचा क्रम पाठ करत होता.

मागच्या ट्रकनं इतक्या जोरात हॉर्न दिला की तो दचकला. पुढं रस्ता रिकामा झाला होता.

घरात शिरता शिरता प्रीतीनं विचारलं, "काय म्हणते तुझी एजंट?" आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या तोंडाकडं बघून हसली. तिला वाटलं आनंदानं वाचा बसली. तिनं गोडाचा शिरा केला होता. होईलच म्हणून आधीच केला होता, आणि त्या 'होईलच'नं साईनाथ अधिकच ओशाळला. शिरा खाता खाता त्यानं सांगितलं की ऐश्वर्याला सातवं प्रकरण सगळ्यात आवडलं.

"आवडणारच. मी तर ते वाचून स्वयंपाक करपवला होता. पण काय रे," प्रीतीनं चमचा थांबवला, "ते रचलेलंच आहे ना? म्हणजे मंजुळामावशी तशा नाहीत."

"कादंबरी आहे गं ती."

"नाही, मी आपलं विचारलं. नंदाताई बिचाऱ्या दिवसभर राबतात त्यांच्यासाठी. उगाच कुणाला खरं वाटायचं."

खाई त्याला खवखवे म्हणतात. शिरा गोड होता, तुपाचा होता, आणि साईनाथच्या घशाखाली उतरत नव्हता. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिथून गावातली कौलं आता दिसत नाहीत, पुढं दोन टॉवर आलेत. पण मधल्या फटीतून मंजुळामावशीच्या घराचा निळा पत्रा तेवढा दिसतो. तो पत्र्याकडं बघत राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण चुकीच्या गोष्टीनं कासावीस झालोय. आपण ऐश्वर्याशी खोटं बोललो याची खंत करत बसलोय. ती पोरगी कोण, कुठली! तिच्याशी बोललेलं खोटं दोन ओळींत निस्तरता येईल. पण तिला ते प्रकरण आपण पाठवलं. तिच्याआधी दिल्लीच्या एका बाईला, बंगलोरच्या एका गृहस्थाला सारांशात पाठवलं. प्रीतीनं वाचलं. ज्यांचं तोंड आपण कधी पाहिलं नाही त्यांना ठाऊक आहे की नंदाचा काही दोष नव्हता. फक्त नंदाला ठाऊक नाही. ती तिकडं त्या निळ्या पत्र्याखाली अजून हळू आवाजात बोलतेय. हे लक्षात आलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो चटकन आत आला, जणू समोरच्या टॉवरमधून कुणी बघत होतं. चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवण झाल्यावर तो सातव्या प्रकरणाची पानं घेऊन निघाला. मावशीच्या दारातच नंदा भेटली, हातात सुकटीची टोपली. "बस साईभाऊ," ती नेहमीसारखं पुटपुटली, "मागल्या आळीत सुकट देते न येते. आयल्यावर चा ठेवते." ती वळली तेव्हा तिच्या पायाला तिची नात दक्षता बिलगली, दर्शनची मुलगी, आणि दोघी गल्लीतून दिसेनाशा झाल्या. साईनाथला सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं याचाही राग आला.

मंजुळामावशी ओट्यावर सूप घेऊन जवळा निवडत होती. डोळ्यांना आता धड दिसत नाही. बोटांनीच कचरा कळतो.

"आयलास? काय बोलली ती तुजी पोरगी?"

"छापून येईल म्हणते, मावशी. पण एक प्रकरण मी तुम्हाला वाचून दाखवलं नव्हतं. ते वाचायला आलोय."

"मंग वाच. तोंड कनाला पाडलंस?"

त्यानं वाचलं. एरवी तो वाचताना आवाजाचे चढउतार करायचा, आज सरळ वाचत गेला, बाटलीवरची सूचना वाचावी तसा. ते वाक्य आलं तेव्हा त्याची नजर सुपाकडं होती. तिची बोटं थांबली नाहीत. पुढं कादंबरीतली बाई ओहोटीच्या वेळी एकटी चिखल तुडवत खाडीवर जाते आणि ते सगळं पाण्याला सांगते. कुणालाच न सांगितलेलं पाण्याला सांगते, आणि पाणी ते घेऊन जातं. हाच भाग ऐश्वर्याला फार भिडला होता. तो संपला. बोटं मग थांबली. मावशीनं सूप बाजूला सारलं आणि हात पदराला पुसले, एक एक बोट करून.

"आसाच बोल्लेली मी," ती म्हणाली. मग, "यो त्या दिशी वाचला नाय तो नंदा घरात व्हती म्हनून?"

"हो."

"नंदा घरातच हाय रं बाबा. ती कुठं जावाची?"

साईनाथ म्हणाला की तुम्ही नको म्हणालात तर मी हे काढून टाकतो. खरं तर तिनं नको म्हणावं असं त्याला मनापासून वाटलं त्या क्षणी. म्हणजे तो सुटला असता, पुस्तक बुडालं असतं, आणि बुडवल्याचं दुःख तरी त्याचं स्वतःचं असतं. पण मावशी ऐकतच नव्हती. ती घराच्या आतल्या अंधाराकडं बघून बोलत होती.

"कवऱ्या येळा त्वांड उघाडला मी. भाकर वाढली का वाटं, आज सांगू. मंग ती बोले, आये, आजून एक घे. न मी भाकर खाय. मना नाय सांगवत. तू वाच तिना. तुना वाचाय येतंय."

वर्षभर साईनाथ आपला शब्द परक्या माणसांपुढं नेणारं कुणी शोधत होता. आणि इथं एक म्हातारी तिचा शब्द चुलीपासून ओट्यापर्यंत न्यायला त्याला सांगत होती, आणि त्याला ते नको होतं. एवढंच असतं तर ठीक. पण त्याच वेळी मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक हलकट कारकून बसून नोंद करत होता: भाकरीचं घ्यायला हवं, 'न मी भाकर खाय' हे तसंच्या तसं, सातव्याच्या शेवटी. त्याला त्या कारकुनाचा गळा दाबावासा वाटला. पण वाक्य पाठ झालं होतं.

नंदा आली. आली तशी आत जाऊन तिनं चहा ठेवला, दक्षताला बिस्किटं दिली, आणि साईनाथपुढं नेहमीचा कप आणून ठेवला. त्याच्या कपात आलं जास्त, हे तिला सांगावं लागत नाही. तो दोन घोट प्यायला. तेवढ्यात मावशी म्हणाली, "नंदा, हितं बस. साई वाचतंय. तुना आयकायचाय."

"मना काय कळतंय आये त्यातला," नंदा म्हणाली, पण उंबऱ्यावर टेकली. दक्षता तिच्या मांडीवर.

साईनाथनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दौलत पांघरूण घेऊन पडला तिथं नंदानं मान वर केली. चक्कर येतेय म्हणाला तिथं तिनं दक्षताला मांडीवरून उतरवलं. ते वाक्य साईनाथनं वाचलं, गाळलं नाही, हळूही म्हटलं नाही, आणि पुढं चिखल, ओहोटी, पाणी, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला. कारण थांबलो तर वर बघावं लागेल, हे त्याला कळत होतं. मग पानं संपली आणि वर बघावं लागलं. मावशीनं पदर तोंडावर धरला होता. तिचे खांदे हलत होते. नंदाचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. ती साईनाथकडं बघत होती.

"खाडीला सांगितलान, आसा लिवलंस," नंदा म्हणाली.

"हो. म्हणजे कादंबरीत..."

"आये खाडीवर जात नाय. दौलत जेला तवापासून तिनी खाडीकडं त्वांड नाय केला. नारळ पन दर्शन नेतंय." ती शब्द शोधत, एक एक वेचत बोलत होती. "खाडीला नाय सांगितलान तिनी. तुना सांगितलान."

"हो," साईनाथ म्हणाला.

"कवा?"

हा 'कवा' इतका मोठ्यानं आला की समोरच्या घरातल्या टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला. नंदाचा तो आवाज त्या गल्लीनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दक्षता आजीकडं टकामका बघत राहिली. खोटं बोलायला जागा होती. गेल्या हिवाळ्यात म्हणता आलं असतं, परवाच म्हणता आलं असतं, मावशी काही तोंडावरचा पदर काढून त्याला खोटं पाडायला आली नसती. त्या फटीपर्यंत त्याचं मन एकदा धावून आलं. मग तो म्हणाला, "दर्शनची दहावी झाली तेव्हा."

नंदाचे ओठ हलत होते. मोजत नसावी; आठवत असावी. दर्शनचं कॉलेज, दर्शनची नोकरी, त्याच्या लग्नात हळदीला तिनं मागच्या खोलीत बसून राहणं आणि साईनाथनं मांडवात पाहुण्यांना सरबत देणं, मग दक्षताचं बारसं. साईनाथलाही तेच सगळं आठवत होतं, एका मागून एक, आणि प्रत्येक ठिकाणी तो हजर होता, नवा शर्ट घालून.

"तवापासून," ती म्हणाली, आवाज खाली न आणता, "तवापासून तू माज्या हातची चा पितोस."

मावशी पदराआडून काहीतरी बोलली, नंदाचं नाव असावं. नंदानं हात केला, थांब, एवढाच. साईनाथ म्हणाला, "तू म्हणशील तर मी हे छापत नाही, नंदा. आत्ता कळवतो." आणि बोलताना त्याला समजलं की हेही आपण आपल्या सुटकेसाठीच बोलतोय.

"छापत नाय?" नंदा उभी राहिली. "छाप! आख्ख्या गावानं माज्या नावानं बोटं मोडली, त्यांना वाचाय नको? त्या चुलत्याला पन वाचून दाव, त्याच्या दारात बसून. छाप. पन खाडीचा नाव काढ तेच्यातून. खाडीना काय आयकला नाय. तिथं तुजा नाव टाक. तिनी साईला सांगितलान, न साई घरी जेला. आसा लिव."

गल्लीत दोन बायका थांबल्या होत्या आणि थांबलो नाही असं दाखवत होत्या. नंदानं त्यांच्याकडं सरळ पाहिलं. मग ती खाली वाकली, सासूच्या खांद्याला धरून तिला उठवलं, धसमुसळेपणानं नव्हे आणि मायेनंही नव्हे, रोज उठवते तसं, आणि आत घेऊन गेली. दक्षता मागोमाग गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, आणि मग नंदाचा, मोठा, स्पष्ट: "आये, तुजी चा गार झाली, गरम करून देते." साईनाथला कुणी काही विचारलं नाही. त्याच्या हातात कप होता, अर्धा भरलेला, आल्याचा वास अजून येत होता. तो पिऊन टाकावा की तसाच खाली ठेवावा, हे त्याला कळेना, आणि तो कप धरून ओट्यावर बसून राहिला.